ऊर्जेचं सोंग आणता येत नाही

मे महिन्यात भर दुपारी उघड्यावर लावलेल्या गाडीचं दार उघडताना हात पोळतो आणि एक प्रश्न हमखास मनात येतो. एवढं ऊन टपावर फुकट पडतंय, तर तिथे सौर पट्ट्या बसवून गाडी का चालवत नाहीत? कॅल्क्युलेटर उन्हावर चालतो, शेतातला पंप चालतो, गच्चीवर पॅनेल लावल्यापासून शेजाऱ्यांचं वीजबिल नावापुरतं उरलंय. मग गाडीच्या बाबतीत घोडं नेमकं कुठे पेंड खातंय? चार जण जमले की त्यातला एक तरी सांगतोच, की पेट्रोलवाल्यांनी हे सगळं दाबून ठेवलंय.

त्यात मोबाइलवर चित्रांचा पूर. उन्हावर पळणारी पंखासारखी गाडी, एसीशिवाय थंड राहणारी गगनचुंबी इमारत, वजन वर उचललं की रात्रभर जळणारा दिवा. यांना ‘कन्सेप्ट डिझाइन’ म्हणतात. उद्या दुकानात यावी म्हणून नव्हे, तर असंही करता येईल हे दाखवण्यासाठी केलेली ही मांडणी असते. त्यातली काही खरोखर कमालीची असतात, काही निव्वळ रंगरंगोटी. कुठली कोणत्या प्रकारात मोडते हे ओळखायला इंजिनियर असायची गरज नाही. घरखर्चाची वही लिहिता येत असेल तर पुरे: ऊर्जा येते किती आणि जाते किती, एवढंच पाहायचं.

टपावरची मिळकत

आधी जमेची बाजू. निरभ्र आकाशात सूर्य डोक्यावर असताना एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट इतकं ऊन पडतं. चांगली सौर पट्टी त्यातल्या पाचव्या हिश्श्याची वीज करते. लहान गाडीच्या टपावर कामाची जागा मिळते दोनेक चौरस मीटर. म्हणजे ऐन दुपारी ४०० वॉट, एका मिक्सरइतके.

सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन धरून आपल्याकडे दिवसाला सुमारे पाच तासांच्या भरउन्हाइतकी मिळकत होते. चारशे वॉट गुणिले पाच तास, म्हणजे दोन युनिट. वीजबिलावर असतं तेच युनिट. त्यातूनही कापलं जातं. सौर पट्टीला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. २५ अंशांच्या वर दर अंशामागे तिची वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते, आणि मे महिन्यात टप ६५ अंशांवर सहज जातो. वर धूळ, कबुतरं, समोरच्या इमारतीची सावली. शिवाय आपण गाडी लावायला सावली शोधतो, ते वेगळंच. हाती उरतं दीड युनिट.

लहान विजेरी गाडीला शहरात १०० किलोमीटरला १० ते १२ युनिट लागतात. म्हणजे दिवसभराच्या उन्हावर ती धावेल १२ ते १५ किलोमीटर. कात्रजहून शिवाजीनगर, एकेरी.

पुण्याच्या वेव्ह मोबिलिटी या कंपनीने २०२३ च्या ऑटो एक्स्पोमध्ये ‘इव्हा’ नावाची चिमुकली गाडी दाखवली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिची किंमत जाहीर केली. दोन मोठी माणसं आणि एक मूल मावेल एवढीच जागा. टपावरची पट्टी दिवसाला सुमारे १० किलोमीटरची भर घालते, असं कंपनी सांगते. वरचा हिशेब पाहिला तर हा आकडा प्रामाणिक आहे, आणि जाहिरातीतला आकडा प्रामाणिक निघाला की मला तरी बरं वाटतं. बाकीची वीज भिंतीतल्या सॉकेटमधूनच घ्यायची.

पेट्रोल एवढं लाडकं का झालं, तेही याच हिशेबात कळतं. एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट ऊर्जा असते. इंजिन त्यातली पाऊणएक उष्णता करून उधळतं, तरी चाकांपर्यंत दोन-सव्वादोन युनिट पोहोचतात. म्हणजे अख्ख्या दिवसाचं टपावरचं ऊन पाऊण लिटर पेट्रोलच्याही तोडीचं नाही. यात कुणी काही दाबून ठेवलेलं नाही. आडातच नाही, तर पोहोऱ्यात कुठून येणार?

मग खर्चाला कात्री लावा

मिळकत ठरलेली असेल तर शहाणा माणूस खर्चाकडे वळतो. पर्यावरणस्नेही गाड्यांचं खरं संशोधन तिथेच चाललंय, आणि त्या अशा विचित्र का दिसतात याचं उत्तरही तिथेच आहे.

शहरात ऊर्जा खातं ते वजन. सिग्नलला थांबायचं, पुन्हा वेग घ्यायचा, पुन्हा ब्रेक. विजेऱ्या गाड्या ब्रेक लावताना मोटर उलटी वापरून थोडी ऊर्जा परत बॅटरीत भरतात, त्यामुळे हे नुकसान बरंच भरून निघतं. हमरस्त्यावर मात्र मुख्य खर्च हवेचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो: ५० च्या जागी १०० चा वेग घेतला, तर विरोध दुप्पट नव्हे, चौपट होतो. एक्स्प्रेसवेवर विजेरी गाडीची बॅटरी भराभर का उतरते, ते इथे कळतं.

इथे एक गंमत आहे. टोकदार नाकाची गाडी हवा छान कापत असणार, असं आपल्याला वाटतं. पण गाडीला अडवणाऱ्या बळाचा मोठा वाटा तयार होतो मागच्या बाजूला. टप आणि बाजूंवरून घसरत आलेली हवा शेपटाशी अचानक सुटते आणि गाडीमागे कमी दाबाची, भोवऱ्यांनी भरलेली पोकळी उरते. पुढे दाब जास्त, मागे कमी. गाडी सतत मागे ओढली जाते. पावसात एखाद्या बसच्या मागे राहून पाहा. तिच्या पाठीमागे तुषारांचं लोळण घेणारं ढगुळं दिसतं, तीच ही पोकळी. ती लहान करायची तर हवेला हळूहळू, निमुळत्या शेपटावरून सोडावं लागतं. म्हणून या गाड्या पुढून गोलसर आणि मागे लांब निमुळत्या असतात, मागची चाकं किंचित आत घेतलेली असतात, कधी झाकलेलीही असतात.

हवेच्या विरोधाचा एक आकडा असतो. तो जितका लहान, तितकी गाडी हवेतून निसटती. रस्त्यावरच्या नेहमीच्या हॅचबॅकचा तो ०.३० ते ०.३५ असतो. मर्सिडीजने २०२२ मध्ये दाखवलेल्या ‘व्हिजन ईक्यूएक्सएक्स’ या संकल्पना-गाडीचा आहे ०.१७. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ही गाडी जर्मनीतल्या श्टुटगार्टजवळून निघाली आणि आल्प्स ओलांडून फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरच्या कासीला एका चार्जमध्ये पोहोचली. अंतर १,००० किलोमीटरहून जास्त, खर्च १०० किलोमीटरला ८.७ युनिट. तिच्याही टपावर सौर पट्ट्या आहेत. पण खरी करामत शेपटाची, हलक्या बांधणीची आणि काटकसरी मोटरची.

छप्पन्न रुपयांसाठी दोन कोटी

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची ‘स्टेला’ ही सौर गाडी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीत उतरली. डार्विन ते ॲडलेड, ३,००० किलोमीटर. अनेक प्रवासी नेणाऱ्या गाड्यांच्या गटात ती पहिली आली. पुढे त्यातल्या काहींनी लाइटइयर ही कंपनी काढली. त्यांच्या गाडीवर टप, बॉनेट आणि शेपूट मिळून ५ चौरस मीटर सौर पट्ट्या, प्रत्येक चाकात वेगळी मोटर, आणि उन्हाळ्यातल्या चांगल्या दिवशी निव्वळ उन्हावर ७० किलोमीटरपर्यंतचा दावा. हिशेबात हे बसतं. किंमत अडीच लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन कोटींच्या वर. २०२२ च्या अखेरीस फिनलंडमध्ये उत्पादन सुरू झालं आणि जानेवारी २०२३ मध्ये थांबलंही.

का बसली कंपनी? कारणं अनेक असतील, पण एक वहीतच दिसतं. सत्तर किलोमीटरला साधारण सात युनिट वीज लागते. आठ रुपये युनिट धरलं तर रोजची बचत छप्पन्न रुपये. त्यासाठी दोन कोटी कोण मोजणार? अंगभर पट्ट्या चिकटवण्याचा, वळणदार काचेखाली त्या बसवण्याचा खर्च वाचलेल्या विजेच्या मानाने अवाढव्य होता.

मला विचाराल तर पट्ट्यांची जागा गाडीच्या टपावर नाही, पार्किंगच्या छपरावर आहे. तिथे त्या दक्षिणेकडे तिरप्या लावता येतात, खालून हवा खेळते म्हणून कमी तापतात, आणि गाडी सावलीत राहते म्हणून एसीचा खर्चही उतरतो. एक किलोवॉटच्या पॅनेलला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला चारएक युनिट मिळतात. चित्रात हे अगदीच सामान्य दिसतं, हे कबूल. पत्र्याच्या शेडला डिझाइन स्पर्धेत कोण बक्षीस देतो?

चौकट : हिशेबापुरते आकडे

१ युनिट वीज = १,००० वॉट × १ तास = ३६ लाख ज्यूल
१ किलो वजन १ मीटर उचलणं = सुमारे १० ज्यूल
१ लिटर पेट्रोल = सुमारे ९ युनिट
१ लिटर पाण्याची वाफ होताना ओढली जाणारी उष्णता = सुमारे २४ लाख ज्यूल
१ घनमीटर काँक्रीट १ अंशाने तापवणं = सुमारे २१ लाख ज्यूल
१ टनाचा एसी तासाभरात बाहेर काढतो ती उष्णता = सुमारे साडेतीन युनिट

वजनावर जळणारा दिवा

२००८ मध्ये अमेरिकेत पर्यावरणस्नेही उपकरणांच्या एका डिझाइन स्पर्धेत ‘ग्राव्हिया’ नावाच्या दिव्याला दुसरं बक्षीस मिळालं. चारेक फूट उंचीचा पारदर्शक खांब. आतलं वजन संध्याकाळी वर सरकवायचं. ते सावकाश खाली उतरताना वीज तयार होणार आणि चार तास ४० वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड पडणार. ना वायर, ना बॅटरी. चित्र इतकं देखणं होतं की बातमी जगभर फिरली.

आता चौकटीतला दुसरा आकडा घ्या. वजन २३ किलो आणि उतार सव्वा मीटर धरला, तर मिळतात जेमतेम २८० ज्यूल. ते चार तासांत वाटले, तर वॉटचा पन्नासावा भाग. उत्तमातला उत्तम एलईडी लावला तरी त्यातून एखाद्या मिणमिणत्या पणतीपेक्षा जास्त उजेड निघणार नाही. दावा शंभरपटींहून अधिक फुगलेला होता. वाचकांनी हा हिशेब मांडल्यावर, आजच्या एलईडीवर हे जमणार नाही, असं डिझाइन करणाऱ्या विद्यार्थ्यानेही मान्य केलं. विद्यार्थ्याला मी फारसा दोष देणार नाही. परीक्षकांपैकी एकाने तरी पेन्सिल हातात घ्यायला हवी होती.

हीच कल्पना लंडनच्या दोन डिझायनरांनी २०१२ मध्ये जमिनीवर आणली: ‘ग्रॅव्हिटीलाइट’. बाराएक किलोची पिशवी माणसाच्या उंचीइतकी वर टांगायची, वीसेक मिनिटं मंद उजेड मिळतो. ताकद वॉटचा दहावा भाग. त्यांनी ती लपवली नाही. रॉकेलच्या चिमणीपेक्षा हे नक्कीच बरं. पण तळहाताएवढी एक वॉटची सौर पट्टी पाच तास उन्हात ठेवली तर १८,००० ज्यूल देते, म्हणजे ती पिशवी ऐंशीहून जास्त वेळा उचलल्याइतकी ऊर्जा. खेड्यापाड्यांत कंदिलाची जागा सौर दिव्यांनी घेतली, यात नवल नाही.

आपल्या स्नायूंची ताकद आपल्याला फार मोठी वाटते. आठ रुपयांच्या एका युनिटमध्ये ते २३ किलोचं वजन जवळपास १३,००० वेळा वर जाईल. सगळ्याचं सोंग आणता येतं, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो. ऊर्जेचंही तेच.

माठाची श्रीमंती

मग वीज न वापरता काही मोठं काम होऊ शकतं का? होतं की, आणि ते आपल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात होतंय. लिटरभर पाण्याची वाफ होताना २४ लाख ज्यूल उष्णता ओढली जाते. ग्राव्हियाच्या वजनातून मिळते त्याच्या आठ-नऊ हजार पट. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यांची पकड सोडवून हवेत निसटायला ऊर्जा लागते, ती ते माठाच्या भिंतीतून आणि आतल्या पाण्यातून घेतात. म्हणून आतलं पाणी गार होतं.

यात मातीचं काम एकच: पाणी बाहेर पाझरू द्यायचं. त्यामुळे बाहेरून ऑइलपेंटने नक्षी काढलेले माठ मला कधीच कळले नाहीत. छिद्रं बुजवल्यावर ते नुसतं मडकं उरतं. दोन-तीन उन्हाळ्यांनी माठ पाणी गार करेनासा होतो, तोही पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं बुजल्यामुळेच.

गुजरातमधल्या वांकानेरच्या मनसुखभाई प्रजापती या कुंभाराने हेच तत्त्व वापरून मातीचा फ्रिज केला, ‘मिट्टीकूल’. वरच्या कप्प्यात पाणी; ते भिंतींमधून खाली पाझरतं, वाळतं, आणि आतल्या कप्प्यातल्या भाज्या काही दिवस टवटवीत राहतात. नोएडातल्या अँट स्टुडिओ या वास्तुरचनाकारांच्या संस्थेने एका कारखान्याबाहेर मातीच्या नळकांड्यांचं मधमाश्यांच्या पोळ्यासारखं मोठं चाक उभारलं. त्यावरून पाणी सोडलं की जनरेटरची झळ गार होऊन बाहेर पडते.

अट एकच, हवा कोरडी हवी. मे महिन्यात नागपूरला आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास येते, म्हणून तिथे वाळ्याच्या ताट्यांचा कूलर खोलीचं सोनं करतो. तोच कूलर दादरला आणा, खोली दमट होईल आणि बुरशी धरेल. मुंबईची हवा आधीच पाण्याने भरलेली; ती आणखी घेणार कुठे? वीजविरहित फ्रिजची चित्रं फिरवणारे ही अट सहसा सांगत नाहीत.

हरारेची इमारत आणि वाळवीची चुकलेली गोष्ट

झिंबाब्वेची राजधानी हरारे इथली ‘ईस्टगेट सेंटर’ ही दुकानं आणि कार्यालयांची इमारत १९९६ मध्ये पुरी झाली. वास्तुरचनाकार मिक पिअर्स. नेहमीची मध्यवर्ती वातानुकूलन यंत्रणा तिथे नाही, तरी कामाचा दिवस सुसह्य जातो. वाळवीच्या वारुळात हवा खेळते तशी इथे खेळवली आहे, असं तिचं जगभर कौतुक झालं.

तिचं गुपित मात्र वारुळापेक्षा काँक्रीटमध्ये आहे. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंच, म्हणून दिवस तापला तरी रात्र गार. रात्री मोठे पंखे बाहेरची गार हवा मजल्यांखालच्या पोकळ्यांतून फिरवतात आणि सगळं काँक्रीट थंड करून ठेवतात. दिवसा थोडीच हवा त्या थंड पोकळ्यांतून आत सोडायची. तापलेली हवा वर चढते आणि छपरावरच्या विटांच्या धुराड्यांतून निघून जाते. रात्रीची मिळकत दिवसा खर्चायची, असा हा कारभार.

काँक्रीटमध्ये किती साठतं? तुमच्या दहा बाय दहाच्या खोलीवर पाच इंचांचा स्लॅब आहे असं धरा. तो रात्री पाच अंशांनी गार झाला, तर दिवसा पुन्हा तेवढंच तापेपर्यंत जवळपास साडेतीन युनिट उष्णता पिऊन घेतो; एक टनाच्या एसीच्या तासाभराच्या कामाइतकी. पुण्या-नाशिकच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती हेच करायच्या, आणि सकाळी दहाला खिडक्या लावून रात्री सताड उघडायची रीतही त्यातलीच. पश्चिमेला काचेची भिंत उभी करून मग आत एसी लावणाऱ्या आपल्या नव्या इमारतींचं काय बोलावं! मुंबईत मात्र दिवस-रात्रीच्या तापमानात फारसा फरकच नसतो, त्यामुळे हरारेची नक्कल तिथे चालणार नाही.

आणि वाळवीचं काय? पुढे शास्त्रज्ञांनी वारुळांचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा वारूळ घरट्याचं तापमान स्थिर ठेवतं ही समजूतच ढिली निघाली. आतलं तापमान बरंचसं भोवतालच्या जमिनीवर ठरतं, आणि वारुळाचं मुख्य काम श्वासोच्छ्वासाचं आहे. मर्सिडीजनेही २००५ मध्ये पेटीसारख्या दिसणाऱ्या बॉक्सफिश माशावरून एक गाडी घडवली होती. दहा वर्षांनी जीवशास्त्रज्ञांनी दाखवलं, की तो मासा पाण्यातून तितकासा निसटता नाहीच. दोन्ही वेळा प्रेरणेची गोष्ट चुकली आणि वस्तू मात्र उत्तम जमली, कारण आकडेमोड करणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं.

छताला टांगलेलं उत्तर

मुंबईसारख्या दमट गावात उरतो तो पंखा. नेहमीच्या पंख्याला सुमारे ७५ वॉट लागतात. त्याच्या फिरत्या भागातलं चुंबकत्व विजेनेच तयार करावं लागतं, आणि त्यात बरीच ऊर्जा उष्णता होऊन जाते. तासभर चाललेल्या पंख्याची बैठी वाटी गरम लागते ती त्यामुळेच. बीएलडीसी नावाच्या मोटरमध्ये फिरत्या भागात कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि कुठल्या क्षणी कुठल्या तारेत वीज सोडायची हे एक छोटं सर्किट ठरवतं. बऱ्याच विजेऱ्या गाड्यांत असते ती मोटरही याच कुळातली. वारा तेवढाच, वीज २८ ते ३५ वॉट. आयआयटी मुंबईत शिकलेल्या दोघांनी काढलेल्या ॲटमबर्ग कंपनीने हे पंखे घरोघरी नेले. आता सगळ्याच मोठ्या कंपन्या ते करतात.

दिवसाला बारा तास पंखा चालला तर वाचतं अर्ध्या युनिटहून थोडं जास्त, म्हणजे चार-साडेचार रुपये. घरात चार पंखे असतील तर महिन्याला पाचशेच्या आसपास. दिसायला तो अगदी जुन्या पंख्यासारखाच असतो, त्यामुळे पाहुण्यांसमोर मिरवायचं तर हातात रिमोट घेऊन बसावं लागतं.